पोकरच्या टेबलावर बसण्याआधी (वही घेतलीत का?)

शनिवारी रात्री ऑनलाइन पोकर नुसतं करमणूक म्हणून खेळायचं असेल तर हे वाचू नका. खेळ सुधारायचा असेल तर सगळ्यात आधी एक वही आणि पेन हाताशी ठेवा. फोनमधलं ॲप नको, वहीच. मागच्या खेपेला माझी नेमकी तीच राहिली आणि अख्ख्या रात्रीतून शिकण्यासारखं काही हाती लागलं नाही. म्हणून ती पहिली. पुढेही मधेमधे येईल, कंटाळू नका.

पैशांचं आधी मिटवून टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि खऱ्या पैशांची टेबलं आपल्याकडे बंद झाली, अगदी एक-दोन रुपयांचीसुद्धा. म्हणून खाजगी टेबल, ओळखीची माणसं, फुकटच्या चिप्स (पैशांऐवजी लावायची टोकनं). परदेशी साइट, कुणी 'एजंट', अनोळखी यूपीआयवर भरलेले पाचशे रुपये, या वाटेला जाऊच नका. आणि महिनाअखेरीला चिप्सचा हिशेब रोखीत करू असं कुणी म्हटलं तर मला त्यातून वगळा. फुकट चिप्सची खोड एवढीच की दुर्री-सत्तीसारखे टाकाऊ पत्ते घेऊनही लोक ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात. त्यावर उपाय: प्रत्येकाला सारख्या, १०० बिग ब्लाइंडच्या चिप्स (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांतली मोठी), संपल्या की पुन्हा १००, पण कुणी किती वेळा घेतल्या ते सगळ्यांना दिसेल अशा शीटवर टाकायचं. पैशांचं काम लाज बऱ्यापैकी करते.

चार्जर, पाणी. राउटर इन्व्हर्टरवर, सांगलीत काय नि मिरजेत काय, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. भडंग आधीच खाऊन घ्या. तेलकट बोटांनी फोल्डऐवजी (पत्ते टाकून देणं) कॉल (समोरच्याने लावले तेवढे लावणं) दाबला जातो आणि मग तासभर त्याचं रडगाणं ऐकावं लागतं. वही?

ज्यांचा हात तीन पत्तीवर बसलाय त्यांनी क्रम पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये उलटं. यात लहर कुणाचीच नाही, मोजणी आहे. तीन पत्त्यांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो आणि कलर १,०९६ प्रकारे; पाच पत्त्यांत फ्लश (म्हणजे कलर) ५,१०८ प्रकारे आणि स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) १०,२०० प्रकारे. जे दुर्मीळ ते वर. गणपतीत रात्ररात्र जागून खेळलेला माणूस हे पाठ असूनही ऐन वेळी स्ट्रेट घेऊन छाती काढतो. तिथलीच दुसरी सवय म्हणजे 'बघू तरी त्याच्याकडे काय आहे' म्हणत शेवटपर्यंत जाणं. छोट्या टेबलांवर सगळ्यात जास्त चिप्स यातच जातात. बघायची एवढी हौस असेल तर फोल्ड करून बघत बसा, फुकट आहे.

आता गणित. बसण्याआधी एवढं तरी कागदावर करून या. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, ६० चा आहे, समोरच्याने ३० लावले. तुम्ही ३० टाकलेत की पॉट १२० होतो, म्हणजे चारांत एकदा जिंकलात तर बरोबरी. २५ टक्के हवेत. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच; त्यांतले पहिले तीन उघडतात तो फ्लॉप. फ्लॉपवर हातातले धरून तुमच्याकडे चार बदाम आहेत, गड्डीत नऊ उरले. पुढचे दोन्ही पत्ते धरून फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के, पण फक्त पुढच्या पत्त्यावर १९. लोक ३५ धरतात आणि खुशाल कॉल करतात. अहो, टर्नवर (चौथा पत्ता उघडल्यावर) तो पुन्हा लावणार आहे! ३० देऊन तुम्ही एकच पत्ता विकत घेताय. तो ऑल-इन गेला असेल तर ३५ बरोबर, कारण पुढे काही द्यायचं उरत नाही. नाहीतर, लागलेला फ्लश जिंकतोच असं धरूनसुद्धा, बदाम आल्यावर त्याच्याकडून आणखी ३७ तरी निघायला हवेत, तेव्हा कुठे तो कॉल परवडतो. निघतील का? तो माणूस कसा खेळतो त्यावर आहे, आणि तेच वहीत लिहायचं असतं.

जागेचं थोडक्यात: बटणावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर) बसलेला फ्लॉपनंतर शेवटी बोलतो, सगळ्यांचं ऐकून. तिथे जास्त पत्ते खेळा, पहिल्या जागेवरून खूप कमी. कुठल्या जागेवरून कोणते पत्ते खेळायचे याचे तक्ते मिळतात, एक छापून भिंतीला लावा. ब्लफ आपल्या टेबलावर जवळजवळ बंद ठेवा. जो फोल्डच करत नाही त्याला घाबरवणार कसं? चांगले पत्ते आले की मोठं लावा, तेवढं पुरे.

आता वही, नीट. 'हँड हिस्टरी साइटवर असतेच की,' असं म्हणाल. असते. पत्ते असतात, रकमा असतात. तुम्ही काय विचार केला होता ते नसतं. दुसऱ्या दिवशी हिस्टरी उघडलीत की डोकं सोयीचं काहीतरी आठवून देतं: हरलेल्या डावात 'मला वाटलंच होतं', जिंकलेल्यात 'मी ओळखलं होतं'. दोन्ही थापा. म्हणून समोरचे पत्ते उघडण्याआधी लिहायचं. आधी. तीन गोष्टी: जागा आणि पत्ते, त्याच्याकडे काय काय असू शकेल, मी हे का केलं. 'बटण, नव्वी-नव्वी, त्याला फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पत्ता कमी) किंवा राणीची जोडी, म्हणून कॉल.' झालं, दहा सेकंद. प्रत्येक डाव लिहू नका, जिथे हात अडखळला तोच. आणि केलेले फोल्डही लिहा, ते सगळे विसरतात.

निकालावरून शिकू म्हणाल तर एका रात्रीच्या निकालातून काही कळत नाही. एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीपुढे सगळे पत्ते उघडेपर्यंत साधारण १८ टक्के वेळा हरते, तुमचं सगळं बरोबर असूनही. दोन-तीनशे डावांत नशीब एवढं मोठं असतं की खेळ त्याखाली दबून जातो. तपासायला हातात उरतं ते लिहिलेलं कारण. ते खोटं होतं की खरं, हे शांतपणे बघता येतं.

उठायची वेळ आधीच ठरवा. दोनदा चिप्स घ्याव्या लागल्या की त्या रात्रीपुरतं बास.

नंतरचं काय, झोपा. रविवारी चहा घेताना वही उघडा, दोन-तीन डाव निवडा, टक्के काढा, ग्रुपवर टाका. निकाल न सांगता टाका, नाहीतर सगळेच शहाणे होतात. शीट भरा. पेनात शाई आहे का तेही बघा.