गॅरेजला नेला की गायब होणारा फॉल्ट: जुन्या ट्रकमध्ये तो पकडायचा कसा

रस्त्यात गाडी बंद पडते, मिस्त्री येईपर्यंत परत चालू, मग तो बिचारा अंदाजानं पार्ट बदलत बसतो. माझ्या ट्रकचा सेल्फ कधी घ्यायचा, कधी नुसता टक करायचा. बॅटऱ्या नव्या टाकल्या, सेल्फ खोलून कार्बन बदलले आणि शेवटी निघालं काय तर इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी, वरनं धड दिसत होती पण बोल्टखाली सगळा गंज. म्हणून आधी खर्च करू नका, आठवडाभर फॉल्ट कधी येतो ते वहीत लिहा, गाडी तापल्यावर, खड्ड्यात, पावसात, घाट चढताना, डिझेल कमी झाल्यावर, जे असेल ते.

हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांबद्दल सांगतोय, ईसीएमवाल्या, म्हणजे इंजिन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाडीला स्कॅनरच लावा.

आता गाडी बंद कशी पडते ते नीट बघा, कारण निम्मं उत्तर तिथंच आहे. चावी फिरवल्यासारखी फट्दिशी बंद पडली तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे करंटवर चालून डिझेल तोडणाऱ्या स्विचची वायर बघा, काही सोलेनॉइडना गाडी चालू ठेवायला सतत करंट लागतो, वायरचा कपलर (जोड) ढिला असला की एका खड्ड्यात इंजिन बंद. पण तुमच्याकडे केबल ओढून बंद करायचा स्टॉप असेल तर एकदा चालू झालेल्या इंजिनाला करंट लागतच नाही, उगाच वायरिंग उसकत बसू नका.

गचके खात, दम टाकत बंद पडली तर डिझेल. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतलं डिझेल खेचणारा छोटा पंप) पाइप ओढणारा असतो, तिथं लीक असेल तर डिझेल बाहेर येईलच असं नाही, हवा आत जाते, म्हणून पाइप कोरडा दिसला तरी विश्वास ठेवू नका. मध्ये फूटभर पारदर्शक पाइप लावा आणि गाडी चालू ठेवून बुडबुडे येतात का बघा, आले तर तांब्याचे वॉशर आणि चिरलेला रबरी पाइप आधी बदला. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होत असेल तर टाकीच्या आतली ओढणारी नळी वर कुठंतरी तडकलेली असू शकते. आणि तासभर चालून पिकअप पडतो, थांबलं की परत ठीक, असं असेल तर पिकअप पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा, सुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, फुकटात काम होतं.

आता करंट. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. चार्ज करून काही तास बंद ठेवलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवायला हवी. गाण्याच्या टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात ना, तीच बॅटरी कायम मार खाते. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून साधारण २७.५ ते २८.५ हवेत. अल्टरनेटर चेक करायला चालू गाडीची बॅटरी काढतात ते कृपा करून करू देऊ नका, डायोड उडतात.

अर्थिंगसाठी मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिन ब्लॉकवर, गिअर न्यूट्रल, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तिथंच दोष आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो तोही मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा प्रॉब्लेम, बल्ब बदलून जाणार नाही.

एवढं करूनही सापडलं नाही तर दिवे लावून हार्नेस (वायरींचा जुडगा) हातानं हलवत जा, जिथं तो केबिनमध्ये शिरतो तिथलं रबर फाटून वायर पत्र्याला घासलेली असते, तिथून सुरुवात करा. वायर हिरवी पडली असेल तर हिरवं संपेपर्यंत मागं कापा, नुसती टेप गुंडाळू नका. अर्थिंगचा बोल्ट खोलून खालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरनं ग्रीस लावा.