बेल्ट ओरडतोय? घाटात गाडी घालायच्या आधी हे बघा

पावसाळ्यात आपल्याकडे बऱ्याच गाड्या सकाळी स्टार्ट केल्या की किंचाळतात. रात्रभराच्या ओलीमुळे बेल्ट थोडा घसरतो, लगेच थांबला तर काळजी नाही. पण एसी लावल्यावर परत ओरडला तर बेल्ट ढिला झालाय नाहीतर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) गेलाय.

इंजिनच्या बाजूला पुल्यांवरून फिरतो तो हा बेल्ट. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून ताकद घेऊन तो अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. टायमिंग बेल्ट वेगळा, दातेरी, कव्हरच्या आत असतो (बऱ्याच गाड्यांत त्याजागी चेन असते), तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून मॅन्युअलमधलं किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलाच.

बघताना इंजिन बंद, चावी काढलेली. बेल्टची आतली बाजू टॉर्चने बघा, चिरा, सुटलेले धागे, ऑइलचे डाग, काचेसारखी चकाकी, यातलं काहीही दिसलं तर बदला. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात, त्याला चिरा सहसा पडतच नाहीत, त्याच्या खाचा झिजतात, त्यामुळे वरून चांगला दिसतो म्हणून सोडू नका. समुद्राजवळ गाडी उभी असते त्यांनी पुल्यांचा गंजही बघावा, गंजलेली पुली नवा बेल्टही खाते.

आवाज नक्की कशाचा ते कळायला इंजिन चालू ठेवून खाचांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी फवारा, हात, ओढणी, बाही लांब ठेवून. आवाज वाढला तर ताण कमी आहे, क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुली सरळ रेषेत नाही. साबण, ग्रीस, स्प्रे मारून आवाज दाबू नका प्लीज.

आणि हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगा. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि सोबत टेम्परेचरचा काटा चढायला लागला तर बेल्ट गेला असं समजा, कुंभार्ली असो की आंबा घाट, जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणेस्तोवर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) जातं.

नवा घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा, ६पीके११२० म्हणजे ६ खाचांचा, ११२० मिलिमीटर लांब. गणपतीच्या गर्दीत वाटेतल्या दुकानात तुमचा नंबर मिळेलच असं नाही, आधीच घेऊन डिकीत ठेवा.