एक्सेलमधल्या या चुका टाळा: आधी सेलच्या आत बघा

‘काका, एक्सेल बेरीज चुकीची करतंय.’ आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. फोन करणाऱ्याने तोवर फॉर्म्युला तीनदा पुसून लिहिलेला असतो, मशीन बंद-चालू केलेलं असतं आणि कुठल्या तरी व्हिडिओतली युक्ती मारून मूळ डेटाही बिघडवलेला असतो. सेलमध्ये नक्की काय आहे हे मात्र बघितलेलं नसतं. डोळ्यांना दिसतं ते एक आणि आत साठवलेलं असतं ते दुसरं, निम्म्या तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

यात सगळ्यात छळतात त्या तारखा. एका दूध संस्थेत एप्रिलपासूनच्या पशुखाद्याच्या बिलांचा हिशेब लावायचा होता. ऑगस्टची बेरीज फारच कमी येत होती. तिथल्या भाऊसाहेबांनी दोन दिवस बिलांचे गठ्ठे सोडून एकेक बिल फाइलशी ताडून पाहिलं. सगळी बिलं फाइलमध्ये होती, तारखाही बरोबर दिसत होत्या. तरी रिपोर्टमध्ये ऑगस्टचे पाचच दिवस, ४ ते ८.

मी गेलो तेव्हा तारखांचा अख्खा कॉलम मधोमध आणलेला, वर पिवळा रंग. शीट सजवायची घाई असते ना! मी आधी ते सेंटर काढलं. १२ तारखेपर्यंतच्या तारखा उजवीकडे सरकल्या, १३ पासूनच्या डावीकडे. उजवीकडे गेलेल्या म्हणजे एक्सेलने तारीख म्हणून घेतलेल्या, डावीकडच्या म्हणजे नुसती अक्षरं. आणखी एक गंमत, १२ तारखेपर्यंत महिना नुसता ८ दिसत होता आणि १३ पासून ०८.

मशीन नवं होतं आणि विंडोजची रिजन सेटिंग अमेरिकेची राहिली होती. सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल ती त्याच सेटिंगने वाचतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. १२ ऑगस्ट झाला ८ डिसेंबर. ८ एप्रिल झाला ४ ऑगस्ट, ८ मे झाला ५ ऑगस्ट. रिपोर्टमधले ते पाच दिवस म्हणजे खरं तर पाच महिन्यांच्या आठ तारखा. १३ वा महिना नसतो, म्हणून पुढच्या तारखा तशाच अक्षरं म्हणून पडून राहिल्या. दाखवतानाही एक्सेल महिनाच आधी दाखवतं, त्यामुळे पडद्यावर १२/८ आणि बिलावर १२/०८. जुळणारच. इथे सेलमधलं दाखवणारी वरची पट्टी, फॉर्म्युला बारसुद्धा फसवते. म्हणून आलेल्या कुठल्याही फाइलमध्ये मी पहिल्यांदा तारखेचा फॉरमॅट बदलून महिना अक्षरांत करून बघतो. ‘०८-डिसेंबर’ दिसलं की पुढचं सांगावं लागत नाही.

दुरुस्ती मूळ फाइलवरूनच करा. माझी सवय जुनाट आहे. मी सीएसव्हीच्या नावातलं शेवटचं एक्स्टेंशन बदलून टीएक्सटी करतो आणि एक्सेलच्या ओपनमधून ती फाइल उघडतो. मग जुना इंपोर्ट विझार्ड येतो. त्याच्या तिसऱ्या पायरीवर तारखेच्या कॉलमला डेट आणि डीएमवाय, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, निवडायचं. मूळ फाइल उडालीच असेल, तर उलटलेल्या तारखा डेट फंक्शनने दिवस-महिन्याची अदलाबदल करून सुलट्या करा आणि डावीकडे राहिलेल्यांना टेक्स्ट टू कॉलम्समधून डीएमवाय द्या. आधी प्रत ठेवा. आणि ती रिजन सेटिंग एकदाची भारताची करून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात हेच.

त्याच विझार्डमध्ये बँक खाते क्रमांकाच्या कॉलमला टेक्स्ट निवडा. एक्सेल आकड्यातले फक्त पहिले १५ अंक जपतं. १६ अंकी क्रमांक आकडा म्हणून गेला की शेवटचा अंक शून्य होतो. तो नंतर कुठल्याही फॉरमॅटने परत येत नाही. सुरुवातीची शून्यं तर न सांगताच जातात. ‘आधी पेस्ट करतो, मग टेक्स्ट करतो’ म्हणणारे मला रोज भेटतात. तोवर अंक गेलेला असतो.

दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी माहिती शोधून आणणाऱ्या व्हीलुकअपला शेवटी शून्य किंवा फॉल्स न देणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. ते न दिल्यास एक्सेल अंदाजे जुळणारं उत्तर देतं, आणि चुकीचं असलं तरी ते उत्तर खऱ्यासारखंच दिसतं. उत्तरच येत नसेल, तर नावामागे चिकटलेली स्पेस बघा. वेबपेजवरून कॉपी केलेली स्पेस जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिम फंक्शनने जात नाही. ती एक स्पेस सेलमधूनच कॉपी करायची आणि रिप्लेसमध्ये टाकून उडवायची.

मर्ज सेल, म्हणजे अनेक सेल जोडून केलेला एक सेल, हेडिंगखेरीज कुठेही नको. सॉर्ट करताना एक्सेल ‘एक्सपांड द सिलेक्शन’ विचारतं, तेव्हा हो म्हणा. नाही म्हणालात तर नावं हलतील, पगार जागेवर राहतील. पाउंडच्या (#) खुणांची रांग दिसली की घाबरू नका, कॉलम रुंद करा. फॉर्म्युल्याचं उत्तर बदलतच नसेल, तर कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर गेलंय. ते ऑटोमॅटिक करा, एफ-९ दाबत बसू नका.

आणि जुना एक्सएलएस फाइल फॉरमॅट सोडा. ‘ऑफिसात सगळे तेच वापरतात’ हे कारण मी ऐकून घेत नाही. त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या यंत्रणेत याच जुन्या फॉरमॅटपायी कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले होते आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला होता. शीर्षकपट्टीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ दिसला की काम थांबवा, सेव्ह ॲजमधून फॉरमॅट बदला, फाइल बंद करून पुन्हा उघडा. ओळी आधीच कापल्या गेल्या असतील तर त्या याने परत येणार नाहीत, त्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच पुन्हा काढाव्या लागतील.