प्रीअँपची ट्यूब बदलून अँपचा टोन कसा सुधारायचा

गिटारच्या ट्यूब अँपचा आवाज मनासारखा येत नसेल तर नवीन पेडल घेण्याआधी प्रीअँपची, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी मोठा करणाऱ्या भागाची, एक ट्यूब बदलून बघा. एकच हं. मी पहिल्यांदा चारही एकदम बदलल्या, आवाज कर्कश झाला आणि नेमका कुठल्या ट्यूबमुळे झाला ते शोधण्यात दोन दिवस गेले.

आधी तक्रार काय आहे ते ठरवा. आवाज लवकर फाटतो, क्लीन (न फाटलेला, स्वच्छ आवाज) मिळतच नाही? की उलट गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची ताकद, कमी पडतोय? की नुसती खरखर आणि शिट्टी आहे? कारण खरखर असेल तर ट्यूब बहुतेक खराब झालेली असते, तिथे त्याच नंबरची दुसरी चांगली ट्यूब लावली की काम होतं.

मग अँप बंद करा, प्लग भिंतीतून काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. चॅसिस, म्हणजे सर्किट असलेली आतली धातूची पेटी, उघडायची गरज नाही आणि उघडूही नका, आतल्या कपॅसिटरमध्ये अँप बंद असतानाही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, ते जिवावर बेतू शकतं.

मागे बघितलं की छोट्या, नऊ पिनांच्या दिसतात त्या प्रीअँपच्या, मोठ्या असतात त्या सहसा पॉवरच्या, म्हणजे शेवटी स्पीकर वाजवणाऱ्या. इनपुट जॅकच्या सगळ्यात जवळची ती बहुतेक अँपमध्ये व्ही१, गिटारचा सिग्नल पहिला तिच्यात जातो आणि पुढच्या सगळ्या ट्यूब तिचाच आवाज मोठा करतात, म्हणून सगळ्यात जास्त फरक इथेच ऐकू येतो. पॉवर ट्यूबच्या शेजारची साधारण फेज इन्व्हर्टर असते, ती पॉवर ट्यूबना सिग्नल उलट-सुलट अशा दोन रूपांत पुरवते. खात्रीसाठी मॅन्युअलमधला किंवा कॅबिनेटच्या आत चिकटवलेला ट्यूब चार्ट बघा.

आता निवड. लोक ब्रँडवरून वाद घालत बसतात पण माझ्या मते आधी नंबर ठरवा. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १००; हा आकडा जितका कमी तितका गेन कमी. ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा साधारण ४५ आणि १२एयू७ चा २० च्या आसपास. आवाज लवकर फाटत असेल तर व्ही१ ला आधी ५७५१ लावा, स्वभाव तोच राहतो, फक्त धार थोडी उतरते. अजून क्लीन हवा असेल तर १२एवाय७, फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या ट्वीड डीलक्समध्ये व्ही१ ला मुळात हीच होती. १२एटी७ मला व्ही१ मध्ये जरा कोरडी वाटते, तिची जागा रिव्हर्ब ड्रायव्हर (अँपमधला घुमण्याचा इफेक्ट चालवणारी ट्यूब) नाहीतर फेज इन्व्हर्टरमध्ये. आणि अँपमध्ये आधीच १२एएक्स७ असेल आणि गेन कमी पडत असेल तर ट्यूब बदलून फारसा वाढणार नाही, तिथे बूस्ट पेडलच घ्या.

काढताना ट्यूबवर शील्ड, म्हणजे धातूचं टोपण, असेल तर ते आधी काढा, मग ट्यूब हलकेच हलवत सॉकेटमधून सरळ बाहेर ओढा. बसवताना पिनांमधली मोकळी जागा सॉकेटशी जुळवा, जोर लावावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. प्रीअँप ट्यूबला सहसा बायसिंग, म्हणजे नवीन ट्यूबप्रमाणे करंट जुळवून घेणं, लागत नाही, ते पॉवर ट्यूबचं काम.

अँप चालू केला की पेन्सिलच्या रबराच्या टोकाने ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. व्ही१ वर थोडं टक टक ऐकू येणारच, ते ठीक आहे. पण घंटेसारखा टिंऽऽग घुमत राहिला तर ती मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्क्याचाही आवाज पकडते. फेकू नका, तीच ट्यूब फेज इन्व्हर्टरमध्ये चालत असेल तर तिकडे हलवा, तिथे बऱ्याचदा निमूट चालते.

तुलना करताना लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) असेल तर एकच फ्रेज रेकॉर्ड करून दोन्ही ट्यूबवर तीच वाजवा, हाताचा फरक मधे येत नाही. कमी गेनची ट्यूब हळू वाजते आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून मास्टर व्हॉल्यूमने पातळी सारखी करून मगच ठरवा. आणि काढलेली ट्यूब चांगली असेल तर नंबर लिहून डब्यात ठेवा, ऐन शोच्या दिवशी तीच कामाला येते.