बैठका मारताना लक्ष कुठे ठेवायचं?

गाणी बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून उभे राहा आणि आधी फक्त तळवे जाणवू द्या: टाच, अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा. श्वास घेत 3 सेकंदांत खाली जा, सोडत वर या. सुरुवातीला 8 बैठका पुरेत.

अनेकांची टाच नेमकी तळाशी उचलली जाते. बहुधा घोटा आखडलेला असतो. तेव्हा थोडं कमी खाली जा. मन भरकटणारच, त्यासाठी स्वतःवर चिडू नका. पुढच्या वेळी खाली जाताना पुन्हा टाचेकडे या. श्वास अडकतोय? वेग कमी करा. मांडीतली जळजळ चालेल, गुडघ्यात टोचलं तर मात्र तिथेच थांबा.