डॅन्यूबकाठची सायकल आणि खिशातला कॅमेरा : या चुका टाळा

जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सायकलमार्ग साधारण 320 किलोमीटरचा. युरोपात पहिल्यांदाच सायकलवर लांब जायचं असेल तर याच्यासारखा सोपा रस्ता नाही. पूर्वी होड्या प्रवाहाविरुद्ध ओढण्यासाठी घोडे काठाकाठाने चालत. त्याच वाटांवरून हा मार्ग बराचसा जातो, त्यामुळे चढ जवळपास नाहीच. पण घाट नाही म्हटलं की सामान भरताना आपला हात सैल सुटतो, आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते.

कॅमेरा हलका, सोबतचं सामान जड

ऑस्मो पॉकेट 3 सारखा गिंबलवाला (म्हणजे मोटारींच्या दांड्यावर चित्र स्थिर ठेवणारा) कॅमेरा 179 ग्रॅमचा. तो घेतला म्हणजे सामान हलकं झालं असं वाटतं. मग त्याच्यापाठोपाठ जादा बॅटरी येते, चार्जिंग केस येते, ट्रायपॉड, माइक, हॅन्डलसाठी वेगळा ॲक्शन कॅमेरा (सायकलला, छातीला अडकवायचा छोटा दणकट कॅमेरा), 'असू दे' म्हणून ड्रोन, आणि हे सगळं उतरवून घ्यायला लॅपटॉप, त्याचा चार्जर. नवरदेव सडपातळ, पण वऱ्हाड दोन बसचं! वजन करायचंच असेल तर कॅमेऱ्याचं नको, या सगळ्याचं एका पिशवीत घालून करा.

लॅपटॉप खरंच लागतो का, याचा हिशोब सोपा आहे. 4के व्हिडिओ सेकंदाला 100 मेगाबिट दराने घेतला तर तासाला 45 जीबी होतात. दिवसभरात वीस मिनिटं घेतलीत (आणि वीस मिनिटं भरपूर झाली, घरी परतल्यावर तेवढंही कुणी बघत नाही) तर रोजचे 15 जीबी, आठवड्याचे 105. म्हणजे 128 जीबीचं एक कार्ड पुरतं. दुसरं तेवढंच कार्ड घ्या, दिवसाआड बदला आणि एक खिशात, एक बॅगेत ठेवा. कॅमेरा हरवला तरी निम्मी सहल हाती राहते. ज्याला अगदीच चैन पडत नाही त्याने फोनला जोडता येणारी छोटी एसएसडी (व्हिडिओ साठवायची डिस्क) घ्यावी. लॅपटॉप घरीच बरा.

कार्ड घेताना त्यावर व्ही 30 असं छापलेलं आहे ना, ते बघा. म्हणजे सेकंदाला किमान 30 मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडत असेल तर आधी कार्डावर संशय घ्या आणि ते फोनमध्ये नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तरी बंद पडत असेल तर उष्णता. ॲक्शन कॅमेरा चालत्या सायकलवर वाऱ्याने थंड राहतो, पण कठड्यावर उन्हात ठेवून लांबलचक शॉट घेतला की तापतो.

हॅन्डलवर गिंबल लावू नका

गिंबलच्या मोटारी हाताची हालचाल सावरण्यासाठी असतात. खडीचा रस्ता हॅन्डलमधून जी बारीक थरथर सतत पाठवतो, तिच्याशी झगडून त्या थकतात, आणि व्हिडिओही थरथरतोच. गिंबलवाला कॅमेरा थांबून, पाय जमिनीवर टेकवून, हातात धरून वापरा. हॅन्डलवर लावायचा तर ॲक्शन कॅमेराच, तोही उजेडात. संध्याकाळी झाडांच्या सावलीत शटर मंदावतं, प्रत्येक फ्रेम धूसर होते आणि मग सॉफ्टवेअरने कितीही स्थिर केलं तरी चित्र सारखं वितळल्यासारखं दिसतं. तोच कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर लावला की फरक पडतो, कारण कोपर आणि खांदे निम्मे हिसके गिळून टाकतात.

आवाजात नुसती फरफर येत असेल तर महागडा माइक नको, फरचं टोपडं माइकवर चढवा. रेस्टॉरंटमधल्या दिव्यांखाली व्हिडिओ लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ राहिलंय. ऑस्ट्रियातली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची, तेव्हा 25 किंवा 50 फ्रेम ठेवा. आणि विमानातून उतरल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ बदला. उन्हाळ्यात तिथे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. हे राहिलं तर घरी आल्यावर सायकलच्या जीपीएसशी व्हिडिओ जुळवताना वाटेतल्या मेल्क गावचा मठ भलत्याच गावी दिसायला लागतो.

पाठीवर सॅक

हे अजूनही लोक करतात. पाठीवरचं सात-आठ किलो ओझं शेवटी सीटवरच बसतं, म्हणजे तुमच्यावर. शिवाय पाठ घामाने थबथबते. मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअर (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) लावा, दोन्हींत वजन सारखं, जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला. हॅन्डलच्या पिशवीत फक्त कॅमेरा, पासपोर्ट, पैसे. तिच्यात पाण्याची बाटली, पॉवर बँक, कुलूप कोंबलं की उतारावर पुढचं चाक डुगडुगायला लागतं आणि दोष भाड्याच्या सायकलला मिळतो.

कपडे तीन जोड. जीन्स अजिबात नको, धुतल्यावर दुसऱ्या दिवशीही ओली राहते. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. हे सांगायला संकोच वाटतो, पण मांड्या सोलवटून निघण्याचं ते मुख्य कारण आहे. नळाचं पाणी ऑस्ट्रियात निःशंक पिता येतं, मग तीन लिटर पाणी कशाला वाहायचं? खाऊचं म्हणाल तर चिवडा, भडंग, मेतकूट खुशाल न्या. मात्र पेढे, तूप, खव्याचं काही नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. कढीपत्त्याची जुडीही घरीच ठेवा.

सायकल ताब्यात घेताना

दहा मिनिटं तिथेच घालवा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, ही सीटची उंची. गुडघा पुढून दुखायला लागला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा.

टायरवर किमान-कमाल हवा छापलेली असते, बहुधा बारमध्येही. 4 बार म्हणजे आपले 58 पीएसआय. सामान मागे असल्याने मागच्या चाकात जरा जास्त. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती म्हणून रिमने चिमटा घेतलाय. सोबत दिलेला पंप तुमच्याच व्हॉल्व्हला बसतो ना, हे दुकानातच बघा.

प्रवाहाच्या दिशेने म्हणजे उतारच, असं नाही

पासाऊ ते व्हिएन्ना पाणी जेमतेम शंभर-दीडशे मीटर खाली उतरतं, म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरही नाही. मदत होते ती पश्चिमेच्या वाऱ्याची, आणि तोही रोज कामावर असेलच असं नाही. त्यामुळे 'सकाळी सिंहगड करून येणारे आम्ही, 320 किलोमीटर तीन दिवसांत उडवू' असा बेत करू नका. उडवाल, पण चित्रीकरणासाठी थांबणार कधी? दिवसाला 45-50 किलोमीटर पुरे.

काठही आंधळेपणाने निवडू नका. वाटेतल्या श्ल्योगन गावाशी नदी गर्रकन वळते, तिथे उत्तर काठावरची वाट कड्यांशी संपते आणि फेरीबोट घ्यावी लागते. पुढे वाखाउ खोऱ्यात उत्तर काठावर श्पित्स, वाइसेनकिर्शेन, डर्नश्टाइन ही देखणी गावं, तर दक्षिण काठ निवांत. श्पित्सची फेरीबोट तर बघण्यासारखी आहे. इंजिनावर नाही, आडव्या तारेला अडकवून प्रवाहाच्या जोरावरच ती पलीकडे सरकते. इथे कॅमेरा काढा. या बोटींसाठी थोडी रोख जवळ असू द्या आणि शेवटची बोट कधीची ते सकाळीच विचारून ठेवा.

जवळच्याच विलेन्डॉर्फमध्ये लोक ती आदिम स्त्रीची मूर्ती चित्रित करून खूश होतात. जागेवर आहे ती भलीमोठी प्रतिकृती. 1908 साली सापडलेली खरी मूर्ती जेमतेम 11 सेंटिमीटरची आणि ती व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे.

वाखाउ द्राक्षबागांचा मुलूख आहे, आणि सायकलस्वारालाही दारूची मर्यादा आहे, रक्तात 0.8 प्रति हजार. दुपारची वाइन मुक्कामावर पोचेपर्यंत ढकला. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारीच पाव, चीज, केळी भरून घ्या.

व्हिसाचं एकच : विमान म्युनिकला उतरतंय म्हणून अर्ज जर्मनीकडे करायचा असं नाही. जास्त रात्री ऑस्ट्रियात असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. आणि जाता-येता पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. विनापरवानगी मर्यादा 100 वॅट-तासांची आहे. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॅट-तासांची होते, म्हणजे चालते. तिच्यावर वॅट-तास छापलेले आहेत ना ते निघण्यापूर्वी बघा, पुसट झाले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.