शनिवारची तोडणी: सभासदांच्या मळ्यातली भाजी कशी काढावी आणि कशी वाटावी

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला की मळ्यात एकदम सगळंच तोडणीला येतं. श्रावणात ज्या वेलाकडे बघून ‘याला लागणार तरी कधी?’ म्हणत होतो, त्याच वेलावर पानाआड गिलकी, म्हणजे घोसाळी, जून व्हायला लागतात. बाजारासाठी पिकवणाऱ्याकडे एक-दोन पिकं असतात. कॅरेट भरली, गाडी मार्केटला गेली, काम संपलं. आमच्यासारख्या सभासदांच्या मळ्यात वीस तऱ्हेची भाजी थोडी थोडी असते आणि ती एकाच दिवशी पस्तीस घरांत ताजी पोचवायची असते. तोडणं तसं सोपं आहे. कोणती भाजी कधी तोडायची आणि नंतर कुठे ठेवायची, यावर सगळं अवलंबून असतं.

सभासदांचा मळा म्हणजे काय, हे नव्या वाचकासाठी थोडक्यात. घरं हंगामाचे पैसे आधी भरतात आणि दर आठवड्याला आपला वाटा नेतात. पीक चांगलं आलं तर पिशवी जड, पावसाने झोडपलं तर हलकी. जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेकेई’ या नावाने हे रुजलं, अमेरिकेत १९८६ साली असे पहिले मळे सुरू झाले. आपल्याकडे सावड आणि इर्जिक हे एकमेकांच्या शेतात मदतीला जाण्याचे शब्द कधीचे आहेत, त्यामुळे नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या बाजूला कुणाला ही कल्पना समजावून सांगायला वेळ लागत नाही. शहरातल्या माणसाला लागतो.

शुक्रवारी संध्याकाळी फेरी मारा

तोडणी शनिवारी असली तरी काम शुक्रवारी पाच वाजता सुरू होतं. वही, पेन आणि खुणेसाठी जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन एकट्याने मळा फिरावा. सोबत कुणी असलं की गप्पा होतात आणि दोन सऱ्या बघायच्या राहतात. प्रत्येक वाफ्यापुढे तीन गोष्टी लिहा: उद्या किती निघेल, परवापर्यंत थांबेल का, आणि बियाण्याला काय ठेवायचं. बियाण्याच्या फळाला लगेच चिंधी बांधा. ही चिंधी नसली की सकाळी एखादा उत्साही सभासद तुमचं सगळ्यात देखणं दोडकं तोडून आणून हातात देतो. वर फोटोही काढतो.

किडीसाठी दशपर्णी किंवा निंबोळी अर्क (झाडपाल्याचं किंवा कडुनिंबाच्या बियांचं फवारणीचं पाणी) मारायचा असेल तर तो आठवड्याच्या सुरुवातीलाच मारून घ्या. गुरुवारी फवारलेली मेथी शनिवारी घरी गेली की फोन येतात, आणि त्या वासाबद्दल लोकांचं काही चुकत नाही.

सकाळचा क्रम

सप्टेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आत वर येतो. सहाला माणसं मळ्यात हवीत, कारण दहानंतर ऊन चटके द्यायला लागतं. ऑक्टोबर हीट सुरू झाली की नऊलाच आवरतं घ्यावं लागतं.

आधी पालेभाज्या. रात्रभरात पानं पाण्याने तट्ट फुगलेली असतात, तेव्हा तोडलेली भाजी दिवसभर टिकते. उन्हात तोडलेली पिशवीत जायच्या आधीच मान टाकते. मेथी आणि कोथिंबीर मुळासकट उपटा, माती झटका आणि सुतळीने सैल जुडी बांधा. मार्केटमध्ये जुड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो, त्यामुळे तिथे जुडी कशी दिसते याला महत्त्व असतं. इथे तसं नाही. करकचून बांधलेली जुडी आत गरम होते आणि मधली पानं पिवळी पडतात. पालक आणि चुका मात्र उपटू नका. जमिनीपासून चार बोटं वर विळ्याने कापा, दोन-अडीच आठवड्यांत पुन्हा येतो.

मुळाही याच वेळेला उपटून घ्यावा. उपटल्याबरोबर पाला वेगळा करा, नाहीतर पाला मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा दुपारपर्यंत मऊ पडतो. पाला फेकू नका, त्याची वेगळी जुडी करा. आठवडाभर विसरलेला मुळा आतून पोकळ होतो. तो तसाच वाढू द्या, पुढे डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, मिळतील.

गवार, चवळी आणि घेवड्याला दव वाळेपर्यंत हात लावायचा नाही. नव्या माणसांना हे पटत नाही, कारण सकाळच्या गारव्यात शेंगा तोडायला मजा येते. पण ओल्या पानांतून फिरताना एका झाडावरचा रोग हाताने आणि कपड्यांनी पुढच्या झाडावर जातो. साडेसात-आठला पानं कोरडी झाली की सुरू करा. एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने शेंग खुडायची. नुसतं ओढलं तर शेंगेबरोबर पुढच्या आठवड्याची फुलंही येतात.

आता भेंडी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फूल उमलल्यापासून पाच-सात दिवसांत भेंडी तोडणीला येते, म्हणून या दिवसांत एक दिवसाआड तोडावी लागते, शनिवारची वाट बघून चालत नाही. शेंडा बोटाने मोडून पाहा: कट्कन मोडला तर कोवळी, वाकून दोरे निघाले तर जून. जून भेंडीही तोडूनच टाका. झाडावर राहिली तर झाड बी भरण्यात गुंतून पडतं आणि नवी फुलं कमी करतं. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, भेंडीची लव दिवसभर खाजवते. आणि भेंडी धुऊ नका. पहिल्या वर्षी मी हौसेने ती विहिरीच्या पाण्यात धुऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली होती. संध्याकाळपर्यंत ती बुळबुळीत आणि काळी पडली. पुढच्या शनिवारी सगळ्यांना दुप्पट गवार देऊन कसंबसं निभावलं, आणि तेही पितृपंधरवड्यात, जेव्हा बाजारात गवारीचा भाव ऐकूनच माणूस परत फिरतो.

वेलांकडे त्यानंतर जा. गिलकं आणि दोडकं नख सहज रुतेल तोवरच भाजीचं. कारलं हिरवंगार असतानाच घ्या. एखादं पानाआड राहून पिवळं झालं तर दोन दिवसांत फुटतं आणि आतल्या लाल बिया दिसतात. लहान मुलांना ते दाखवण्यापुरतं ठेवावं. काकडी, दोडकं, गिलकं सगळं कात्रीने, थोडा देठ ठेवून कापा. पिरगाळून तोडलं की मांडवावरचा वेल हलतो आणि कोवळी फळं गळतात.

टोमॅटो आणि वांगी सगळ्यांत शेवटी. नाशिकच्या टोमॅटोबद्दल मी नव्याने काय सांगणार, गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या मार्केटमध्ये या दिवसांत वीस-वीस किलोच्या कॅरेटचे डोंगर लागतात. पण तो माल लांब जायचा, म्हणून कच्चा तोडतात. आपला टोमॅटो वीस किलोमीटरच जाणार आहे. निम्मे पूर्ण लाल आणि निम्मे नुकती लाली धरलेले घ्या, म्हणजे घरात शनिवारी कोशिंबीर आणि बुधवारी आमटी होते. कॅरेट अर्धंच भरा, खालचे दबत नाहीत. सभासदांना सांगून ठेवा की अर्धा कच्चा टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, तो नीट पिकत नाही आणि चव जाते.

डांगराची, म्हणजे शहरातल्या लाल भोपळ्याची, घाई नको. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख शिरेनासं झालं की चार बोटं देठ ठेवून कापा. देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथूनच सड सुरू होते. आठ-दहा दिवस कोरड्या, हवेशीर पडवीत ठेवलेलं डांगर सहज दोन-तीन महिने टिकतं. पावसाने एखाद्या शनिवारी दगा दिला की पिशवी भरायला तेच उपयोगी पडतं.

सावली, पाणी, बारदान

तोडलेली टोपली पाच मिनिटंही बांधावर उन्हात राहता कामा नये. टोपल्या सावलीत नेऊन ठेवायला एक माणूस वेगळा नेमा. आमच्याकडे हे काम आजी-आजोबा सभासद करतात आणि कुणाला हयगय करू देत नाहीत. पालेभाज्या विहिरीच्या गार पाण्यात एकदा बुचकळून, झटकून, ओल्या बारदानाखाली उभ्या ठेवा. शेंगभाज्या, भेंडी, वांगी आणि टोमॅटो कोरडेच.

जागा असेल तर विटांची दुहेरी भिंत बांधून मधल्या चार बोटांच्या फटीत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवत राहा. दिल्लीच्या पुसा संस्थेने, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेने, सुचवलेला हा बिनविजेचा शीतकक्ष. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा कोरडी असेल तरच तो नीट काम करतो. भर पावसाळ्यात त्याचा फारसा उपयोग नाही, ऑक्टोबरमध्ये मात्र फरक हाताला कळतो.

वाटे घालताना

आधी सगळ्याचं वजन करा, वहीत लिहा, मग भागा. प्रत्येक भाजीतून थोडी बाजूला ठेवा, कारण पस्तीस पिशव्या भरताना शेवटच्या दोन नेहमी कमी पडतात. पिशव्या ओळीने मांडून एक माणूस एकच भाजी घेऊन पूर्ण ओळ चालतो. खाली डांगर, मुळा, काकडी. मध्ये वांगी, शेंगा. वर टोमॅटो आणि शेवटी पालेभाजी.

अकरा किलो गिलकी निघाली तर पस्तीस घरांना तीनशे-तीनशे ग्रॅम देऊ नका, त्यात कुणाचीच भाजी होत नाही. सतरा घरांना पुरेशी द्या, वहीत खूण करा, पुढच्या शनिवारी बाकीच्यांना. वाकडी काकडी, जुळे टोमॅटोही वाट्यात जातात. एक नंबर, दोन नंबर अशी निवड इथे नाही, फक्त किडकं आणि फुटलेलं काढायचं. लोक कुरकुरतात का? पहिला महिना कुरकुरतात.

पण एक अदलाबदलीची टोपली ठेवाच. चातुर्मासात कित्येक घरांत वांगं चालत नाही, काही घरं थेट चंपाषष्ठीच्या भरताला ते सुरू करतात. त्यांनी वांगी टोपलीत टाकावीत आणि दुसरं काही उचलावं. नवरात्रात हीच टोपली भोपळा आणि काकडीसाठी रिकामी होते.

पाऊस आला तर

२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागतं आणि हत्तीचा पाऊस कधी सोंड फिरवेल सांगता येत नाही. परतीचा पाऊस बहुतेकदा दुपारनंतर, गडगडाट करत येतो. शुक्रवारी आभाळ भरलं असेल तर लाली धरलेले सगळे टोमॅटो त्याच संध्याकाळी काढून घ्या. कोरड पडलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की फळ आतून फुगतं आणि साल तडकते. मेथी-कोथिंबीरही आधीच उपटा, चिखलात लोळलेली कोथिंबीर वाचत नाही. भाजी भिजलीच तर पोत्यांवर पातळ पसरून पंखा लावा आणि सुकल्याशिवाय पिशवीत घालू नका. शेंगांना त्या दिवशी हात लावू नका. सभासदांना आदल्या रात्रीच कळवा की पिशवी हलकी असेल. सकाळी सांगितलं की ती सबब वाटते.

भुईमुगाच्या ओल्या शेंगांना मात्र पाऊस सोयीचा, जमीन भुसभुशीत असली की डहाळा अलगद येतो. एक डहाळा उपटून शेंगा फोडा. टरफल आतून तपकिरी-काळपट झालं असेल तर वाफा काढायला हरकत नाही. त्या शनिवारी शेंगा घरी पोचतात त्याहून जास्त बांधावरच उकडून संपतात, ते वजनात धरून ठेवा. रिकाम्या वाफ्यात रांगड्या, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या, कांद्याचं रोप तयार असेल तर सोमवारीच लावून टाका, ओल आहे तोवर.